तेरा वाचली, चोवीस राहिली

हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत मला सगळे ‘लॅबवाली बाई’ म्हणायचे. त्यामुळे सकाळी सकाळी कुणीतरी बाटलीत नमुना घेऊन दारात उभं असायचं. आमच्याकडं साखर, लघवी तपासत नाहीत म्हटलं की त्यांना वाटायचं, बाई टाळतेय. मग तुम्ही तिथं करता तरी काय, असं एकदा समोरच्या रेड्डीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, वाचते. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मी सरकारी पगारावर मासिकं चाळत बसते.

पण ते खरंच होतं. एका सरकारी संशोधन संस्थेत मी एकतीस वर्षं तांत्रिक सहायक होते आणि त्यातली बरीच वर्षं माझं काम डीएनए वाचायचं होतं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर: ए, टी, जी, सी. त्याचे तुकडे काचेच्या दोन तावदानांमधल्या पातळ जेलमधून विजेच्या जोरावर पळवायचे. तुकडे किरणोत्सारी केलेले असत, त्यामुळं वर एक्सरेची फिल्म ठेवली की काळे पट्टे उमटत. चार रांगा, एकेका अक्षराची एकेक. फिल्म दिव्याच्या पेटीवर धरायची आणि खालून वर वाचत जायचं. मी वाचायची आणि डार्करूम सांभाळणारे यूसुफभाई वहीत उतरवायचे. पुढं जाऊ का विचारलं की ते ‘हौ, बोलो’ म्हणायचे. पट्टा पुसट असला तर ‘नक्को बाई, अंदाजे से नक्को’ म्हणून पेन खाली ठेवायचे. माझ्या कामात चुका कमी निघाल्या त्याचं निम्मं श्रेय त्या माणसाचं.

आमचे सर, डॉक्टर प्रभाकर राव, परदेशात शिकून आलेले, कमी बोलणारे आणि न्यायी. त्यांचा विषय मायटोकॉन्ड्रिया. पेशीत ऊर्जा तयार करणारे हे बारीक कण. यांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. बापाचा त्यात भाग नाही. या छोट्या डीएनएत सदतीस जनुकं आहेत. त्यातली तेरा प्रथिनं बनवणारी, उरलेली चोवीस निव्वळ आरएनएची. पुढं जे घडलं ते कळायला हा फरक आधी सांगायला हवा.

प्रथिनाच्या जनुकाची आधी नक्कल निघते. ती नक्कल म्हणजे आरएनए. इथं तिचं काम निरोप पोचवण्याचं. पेशी तो निरोप तीन-तीन अक्षरांनी वाचते, दर तिकडीला एक मणी जोडते आणि मण्यांची माळ पूर्ण झाली की ते प्रथिन. वाचायला कुठून सुरुवात करायची त्याची खूण असते, कुठं थांबायचं त्याचीही असते. त्यामुळं अशा जनुकात एखादं अक्षर बदललं तर त्याचा परिणाम कागदावरच बराचसा सांगता येतो. तिकडीतलं तिसरं अक्षर बदललं तर बहुतेकदा मणी तोच राहतो. एखादं अक्षर गळलं तर पुढच्या सगळ्या तिकड्या सरकतात आणि माळेचा सत्यानाश होतो.

दुसऱ्या प्रकारच्या जनुकाचीही नक्कल आरएनएचीच निघते, पण ती कुणाचा निरोप नेत नाही. ती स्वतःच कामाला लागते. तिची अक्षरं एकमेकांसमोर येऊन जोड्या जुळवतात, तिची घडी पडते आणि त्या आकारानं ती पेशीत राबते. प्रथिनं जोडणाऱ्या यंत्राचा गाभाच मुळी अशा आरएनएचा असतो. तिथं तिकड्या नाहीत, सुरू करायची आणि थांबायची खूण नाही. एखादं अक्षर गळलं म्हणून पुढचं वाचन सरकत नाही, कारण वाचायचंच काही नसतं. बघायचं ते एवढंच, की घडीत कोण कुणासमोर येतं. समोरासमोरची दोन्ही अक्षरं बदलली तरी जोडी जुळत असेल तर काम चालू राहतं, आणि कधीकधी एकाच अक्षरानं सगळा नूर बदलतो. म्हणून ही जनुकं पारखायला अवघड. पुढं संगणकाचे प्रोग्राम आले, तेही सुरुवात आणि शेवटाच्या खुणा शोधत जायचे आणि ही जनुकं त्यांना दिसायचीच नाहीत.

आमच्या लॅबमध्येही त्यांची तीच अवस्था होती. फिल्म मोजकी, वाचनाला लागणारं एन्झाइम परदेशातून येणारं. त्याची पेटी कस्टममध्ये पडून राहायची आणि हातात येईस्तोवर आतला बर्फ संपलेला असायचा. म्हणून सरांचा नियम होता, आधी तेरा वाचा, काही सापडलं नाही तर बघू. आणि ते ‘बघू’ कधी यायचं नाही.

विमलबाई कदम आमच्याकडं आल्या त्या नव्वदचं दशक अर्धं सरल्यावर. आमच्यासारखेच नांदेडकडचे शेतकरी, दोन पिढ्यांपूर्वी हैदराबादला आलेले. यजमान दत्तात्रयराव एका गोदामात कारकून. थोरला सुधीर दहा वर्षांचा, धाकटी मीना आठची. दोघंही जन्मापासून नीट ऐकत होती, वेळेवर बोलायलाही लागली होती. सुधीरला चौथ्या वर्षी मोठा ताप आला, दवाखान्यात आठवडाभर इंजेक्शनं झाली आणि घरी आल्यावर तो हाकेला ओ देईना. मीनाचं दोन वर्षांपूर्वी तसंच झालं. विमलबाईंच्या आईलाही तरुणपणी टीबीची इंजेक्शनं घेतल्यावर बहिरेपण आलं होतं. कानाच्या डॉक्टरांना हे आईच्या बाजूनं चाललेलं दिसलं, म्हणून त्यांनी त्यांना सरांकडं पाठवलं.

सरांचं तेलुगू आणि इंग्रजी, विमलबाईंचं मराठी. तेव्हा बोलायचं काम माझ्याकडं आलं. मीना तोवर बोललेली सगळी भाषा विसरत चालली होती. पण ती माझ्या ओठांकडं इतकं टक लावून बघायची की मी आपोआप हळू बोलायला लागले. विमलबाईंनी मला एकच गोष्ट विचारली.

“ताई, लेकरांचं आता होणार नाही, ते मला कळायलंय. पण हे कशानं झालं ते तरी सांगताल का?”

मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं. आमच्या हातात तसं काही नसतं.

आम्ही तेरा वाचली. त्यात चौदा महिने गेले, कारण दुसरीही कामं होती. तेराच्या तेरा स्वच्छ. एक-दोन ठिकाणी अक्षरं निराळी होती, पण तिसरी, निरुपद्रवी. सरांनी फाइलवर ‘काही आढळले नाही’ असं लिहिलं आणि ती कपाटात गेली. मी चोवीसांचं विचारलं तेव्हा ते म्हणाले की तिथं माणसामाणसांत फरक असतातच. फरक सापडला तरी तो महत्त्वाचा की फालतू हे कशाच्या आधारावर ठरवणार? त्यांचं चूक नव्हतं.

त्याच सुमारास देशाचे दरवाजे उघडल्याचा फायदा आमच्यापर्यंत पोचला. हिमायतनगरात एका एजंटानं ऑफिस थाटलं आणि पूर्वी सहा महिने लागणारा माल आठवड्यात यायला लागला. मग एक दिवस अक्षरं आपोआप वाचणारं यंत्र आलं. रंगीत प्रकाशावर चालणारं, फिल्म नको, किरणोत्सार नको. यूसुफभाईंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, “अपन दोनों का काम गया समझो.” बसवायला आलेल्या इंजिनिअरला चाचणीसाठी कुठलाही नमुना हवा होता. सर म्हणाले, काहीही घाल.

मी कपाट उघडलं आणि मीनाचा नमुना घातला. चोवीसांपैकी पहिल्या मोठ्या आरएनएचं जनुक निवडलं. मुद्दाम निवडलं हे कबूल करते. यंत्राच्या पडद्यावर एकेका अक्षराचे रंगीत डोंगर उमटत गेले आणि जनुकाच्या शेवटाकडं, जिथं माणसाच्या या डीएनएच्या छापील नकाशात ए होता, तिथं जीचा डोंगर उभा राहिला. स्वच्छ, एकटा.

एक फरक म्हणजे काहीच नाही, हे मला माहीत होतं. मी जुन्या पद्धतीनं विमलबाईंचा, सुधीरचा, दत्तात्रयरावांचा नमुना लावला. तिघा मायलेकरांत जी, वडिलांत ए. तरीसुद्धा प्रश्न तोच होता: मग काय? तिकडी नाही, मणी नाही, काय बिघडलं ते सांगायचं कसं?

त्या आठवड्यात मी दुपारच्या सुट्टीत आलेखाच्या कागदावर त्या आरएनएची घडी काढत बसायची. एका जुन्या पाठ्यपुस्तकात जंतूंच्या त्याच आरएनएची आकृती होती, ती शेजारी ठेवली. माणसात त्या जागी समोरासमोरची दोन अक्षरं जुळत नाहीत, जागा जरा सैल राहते. मीनाच्या घडीत जी आल्यामुळं समोरच्या सीशी जोडी जुळली होती. आणि जंतूंच्या आकृतीत त्या जागी अगदी तशीच जोडी होती. म्हणजे त्या एवढ्याशा कोपऱ्यात मीनाचा आरएनए जंतूंसारखा झाला होता.

मी दोन्ही कागद सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. मग ते उठून लायब्ररीत गेले आणि दोन तासांनी एक जुना अंक घेऊन आले. बाहेरच्या देशात कुणीतरी हेच अक्षर, हाच बहिरेपणा, काही वर्षांपूर्वीच छापला होता. सुधीरला, मीनाला आणि त्यांच्या आजीला दिलेली इंजेक्शनं एकाच गटातली होती. ती जंतूंच्या नेमक्या त्या कोपऱ्याला चिकटून त्यांना मारतात. या घरातल्या माणसांत ती कानाच्या पेशींतल्या आरएनएलाही चिकटत होती. आम्ही नवीन काही शोधलं नव्हतं. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “तेरा वाचली आणि चोवीस सोडली. कपाटात उत्तर होतं, नलिनी.”

त्या चौदा महिन्यांत विमलबाईंच्या माहेरी कुणाला मोठं दुखणं आलं नाही, ते केवळ नशीब.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. कुटुंबाला बोलावलं तेव्हा विमलबाईंबरोबर दत्तात्रयराव आणि त्यांच्या आईही आल्या. त्या म्हाताऱ्या बाई सरळ पाठीनं बसल्या होत्या. सरांनी इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत आणलं आणि मला मिळालेल्या उत्तराच्या आनंदात पहिलंच वाक्य बोलून गेले, की हे आईकडून येतं. औषधाचं मी नंतर सांगितलं. खोलीतल्या तिघांनी ते पहिलं वाक्यच ऐकलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे आमच्याकडलं नाही.” दत्तात्रयराव जमिनीकडं बघत राहिले. ज्या तीन औषधांपासून जपायचं त्यांची यादी मी विमलबाईंच्या हातात दिली, माहेरच्या सगळ्यांना कळवा असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि यादीची बारीक घडी घालून पर्समध्ये ठेवली.

पुढं तीन महिने त्या आल्या नाहीत. मी दोनदा पत्र टाकलं. उत्तर नाही.

मग एका दुपारी त्यांचे भाऊ वसंतराव लॅबमध्ये आले. त्यांनी पूर्वी रक्त दिलं होतं, त्याचं काय झालं ते विचारायला. मी म्हटलं, तुमच्या बहिणीनं सांगितलं असेलच. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी चरकले. घाईघाईनं सगळं सांगितलं: ते अक्षर त्यांच्यातही आहे, त्यांनी स्वतः जपायला हवं, त्यांच्या मुलांना भीती नाही कारण बापाकडून हे जात नाही, पण धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, मुलीला आहे. वसंतराव उभेच राहिले.

“सुमनची पल्लवी कालपासून ॲडमिट आहे,” ते म्हणाले. “मूत्रपिंडात इन्फेक्शन म्हणाले. इंजेक्शनं चालू आहेत.”

सर दिल्लीला मीटिंगला गेले होते. मी फाइल उचलली आणि यूसुफभाईंना म्हटलं, स्कूटर काढा. त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही. वसंतराव विमलबाईंना कळवायला गेले. आम्ही वीस मिनिटांत नर्सिंग होमला पोचलो. ते माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवरच होतं.

पाच वर्षांची पल्लवी तापानं पेंगत होती. सुमन तिच्या पायाशी बसलेली. खाटेच्या तक्त्यावर मी भीत होते तेच नाव होतं, जेन्टामायसिन. दोन डोस झाले होते, तिसरा तासाभरात होता. डॉक्टरीणबाई वयस्क, तेलुगू, दिवसभर उभ्या राहून थकलेल्या. मी माझं नाव आणि हुद्दा सांगितला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी डॉक्टर नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.

त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, “कुठलं प्रथिन बिघडलंय?”

“कुठलंच नाही.”

“मग आजार कसला आहे मुलीला?”

“आजार नाहीच, मॅडम. हे इंजेक्शन जंतूंना जिथं धरतं, तिथंच तिच्या कानालाही धरेल. तिच्या दोन मावस भावंडांचं तेच झालंय.”

मी तक्त्यामागच्या कोऱ्या कागदावर दोन्ही घड्या काढून दाखवल्या. त्यांनी शांतपणे पाहिलं. आकृतीपेक्षा सुधीर आणि मीनानं त्यांना जास्त पटवलं असावं. त्या म्हणाल्या की तिला दुसरं औषध देता येईल, पण एका अनोळखी बाईच्या बोलण्यावरून चालू औषध बदललं आणि उद्या मुलगी बिघडली तर? त्यांना लेखी काहीतरी हवं होतं. संशोधनाचे निष्कर्ष उपचारासाठी द्यायचे नाहीत, असा आमच्याकडं नियम होता. अहवालावर सही फक्त सरांची. माझ्या एकतीस वर्षांत मी एकदाच स्वतःच्या सहीचा कागद बाहेर दिला, तो त्या दुपारी. लिहिताना मला मेमो दिसत होता, पेन्शन दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, फाइलला लावला आणि नर्सला तेलुगूत सांगितलं, तो डोस थांबव.

विमलबाई आल्या तेव्हा नवीन सलाइन लागलं होतं. त्या धावत आल्या होत्या, पदर खांद्यावरून घसरला होता. सुमनसमोर उभ्या राहून त्यांनी ते एकदाच, सरळ सांगितलं.

“सुमे, हे आपल्या आईकडनं आलंय. माझ्यात आहे, तुझ्यात आहे. मला तीन महिन्यांपासून माहीत होतं. माहेरात तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून मी बोलले नाही.”

सुमननं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती पल्लवीच्या कानाशी हात नेऊन चुटकी वाजवत होती, पुन्हा पुन्हा. पोरगी त्रासून तिकडं वळली तेव्हा कुठं ती रडली, आणि विमलबाई तिच्याजवळ टेकल्या.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. लाज विमलबाईंना वाटली, पण ती मी त्यांच्या हाती दिली होती. यूसुफभाईंनी चहा आणून दिला. त्यांनी विचारलं, आपण केलं ते बरोबर केलं ना? मी म्हटलं, आजचं बरोबर केलं.

पल्लवीचा ताप तीन दिवसांत उतरला. नंतर दर महिन्याला तिचे कान तपासले. दोन डोसांनी थोडं नुकसान केलंच. अगदी बारीक, चिरके आवाज तिला कमी येतात. पण ती शाळेत गेली, बोलली, भांडली, आणि आता मुंबईहून फोनवर माझ्याशी तासभर गप्पा मारते.

सर दिल्लीहून आले तेव्हा मी त्यांच्यासमोर माझ्या कागदाची प्रत ठेवली. त्यांनी ती वाचली, स्पेलिंगची एक चूक दुरुस्त केली आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. मेमो आला नाही. त्यानंतर आमच्या लॅबमध्ये सदतीसच्या सदतीस वाचायची पद्धत पडली.

मला मात्र एक काम उरलं होतं. मी कदमांच्या घरी गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी म्हटलं की जे त्या दिवशी अर्धं सांगितलं ते पुरं करायला आलेय. हा डीएनए प्रत्येकालाच आईकडून मिळतो, त्यांच्या मुलालासुद्धा. “तुमच्या लेकाला तुमच्याकडून बरं अक्षर आलं, त्यात तुम्ही काही केलं नाहीत. विमलबाईंनीही काही केलेलं नाही. लेकरांचे कान गेले ते औषधानं, आणि ते औषध देणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.” म्हातारीनं तांदळातून हात काढला नाही. निवडता निवडता म्हणाली, “हे तेव्हाच बोलला असताव तर बरं झालं असतं, बाई.” तिचं म्हणणं खरं होतं.

त्या वर्षाच्या शेवटी विमलबाई लॅबमध्ये आल्या. बरोबर मीना. मधले दोन महिने त्यांनी एसटीनं नांदेड, देगलूर, बिदर करत आईच्या, आजीच्या, आजीच्या बहिणींच्या लेकींची घरं गाठली होती. कोण कुठं दिली, तिच्या मुली कुठं दिल्या, सगळं विचारत गेल्या आणि प्रत्येकीला औषधांच्या नावांचं कार्ड देऊन आल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठच्या बाजूला त्यांनी वंशावळ उतरवली होती. मुलगे होते, पण त्यांच्यापाशी रेघ थांबत होती. खाली उतरणाऱ्या सगळ्या रेघा बायकांच्या. काहींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं. आमच्या घराण्याची वंशावळ मी पाहिली आहे, तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. सर ती सरळ करून टेबलावर धरून उभे होते, कोपरे पुन्हा पुन्हा गुंडाळले जात होते.

सगळ्यांत खाली मीनाचं नाव होतं, तिच्याच अक्षरात. नावाखाली तिनं पट्टीनं एक रेघ ओढली होती आणि पुढं बरीच जागा कोरी ठेवली होती. मी त्या जागेवर बोट ठेवून तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेच्या कडेला, कार्ड न बघता, तिन्ही औषधांची नावं लिहून दिली.